आधी औषध, मग गाडी

ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्री-अपरात्री सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य कोणते, असे कोणी मला विचारले तर मी सांगेन, "इथे काही होणार नाही, पुढे घेऊन जा." हे वाक्य कधी डॉक्टर म्हणतात, कधी सिस्टर म्हणतात, कधी दारावरचा शिपाईही म्हणतो. पण वाचकहो, पुष्कळदा ते रोग्याबरोबर आलेली मंडळीच म्हणत असतात. "इथं कशाला टाइम घालवायचा? बीडला हलवा, नाहीतर सरळ संभाजीनगर." बाहेर गाडीचे इंजिन चालूच असते. गावचा एखादा कार्यकर्ता फोनवर मोठमोठ्याने बोलत असतो. रोगी मात्र आला तसाच बाकावर पडून असतो. या धांदलीत दहा-पंधरा मिनिटांत जे करता आले असते ते राहून जाते, आणि पुढे सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या रस्त्यावर ते करायला कोणी नसते.

तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. तातडीचा रोगी आमच्याकडून पुढे जातो, आणि वाचला तर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा आमच्याचकडे येतो. त्यामुळे मोठ्या दवाखान्यात काय झाले, वाटेत काय झाले, कोणी काय म्हटले, हे सारे आम्हाला रोग्याच्या तोंडून ऐकायला मिळते. असाच एक अनुभव आज सांगतो. तो चांगला अनुभव आहे म्हणून मुद्दाम सांगतो, कारण सरकारी दवाखान्यात काही बिनसले तर त्याची बातमी होते आणि नीट झाले तर त्याची कोणी दखल घेत नाही.

बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवरची ही बाई. वय चाळीसच्या पुढे. घरची चार एकर कोरडवाहू, दिवाळीनंतर नवरा-बायको दोघेही कोयत्याला जातात. मागच्या मृगाच्या तोंडाला, पाऊस भुरभुरून गेल्यावर, दिवेलागणीला ती गवऱ्या काढायला गेली आणि बोटाला विंचू चावला. चपलेने मारला तेव्हा पाहिले, बारीकसा, लालसर होता. "डॉक्टरसाहेब, ठणका म्हणावा असा नव्हताच हो. म्हणून म्हटलं, जाईल उतरून," असे ती सांगत होती. अर्ध्या तासात अंगाला असा घाम सुटला की लुगडे पिळून काढावे. दोन उलट्या झाल्या. हातपाय गार पडले. शेजारच्या वस्तीवर विंचू उतरवणारा आहे, त्याच्याकडे नेले. त्याने तासभर झाडपाला लावला, मंत्र टाकला. बाईला धाप लागू लागली तसा त्यानेच हात वर केला, ही त्याची त्यातल्या त्यात भली गोष्ट. मग टेम्पो काढून चौदा-पंधरा किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात आणले. तोवर साडेदहा झाले होते.

तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. एम.बी.बी.एस. झाल्यावर सरकारी सेवेचे जे एक वर्ष करावे लागते, त्यासाठी आलेली. बरोबर एक सिस्टर आणि एक शिपाई. रोग्याबरोबर आलेले सात-आठ जण. त्यातल्या दिराने आल्याबरोबर सांगितले की आम्हाला फक्त चिठ्ठी द्या, आम्ही बीडला नेतो. मुलीने नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली, पायाला हात लावला. म्हणाली, "चिठ्ठी देते, पण आधी ही गोळी पोटात जाऊ द्या. अर्धा तास माझ्यासमोर राहू द्या. मग न्यायचं तर न्या." यावर बरीच बाचाबाची झाली म्हणे. "एवढा विंचू चढलाय आन् बाई गोळी देती. सुई नाही, सलाइन नाही!" दिराचे म्हणणे असे. पण मुलगी हलली नाही.

गोळी दिली, प्राणवायूची नळी लावली, उशाला वर करून अर्धवट बसते केले. पहिली गोळी उलटीतून पडली. तिने पुन्हा दिली. "मला लघवीला उठू देईना. भांडं आणून दिलं. मी लाजले, तर म्हणती कशी, मावशी, उठलात तर चक्कर येऊन पडाल." दर अर्ध्या तासाने ती येई, रक्तदाब पाही आणि पायाच्या तळव्यांना हात लावी. बाराच्या सुमारास वीज गेली, तेव्हा मोबाइलच्या उजेडात पाहिले. "लेकरू रातभर माझ्या पायाशीच होतं बघा," असे बाई सांगत होती. पहाटे तीनच्या पुढे पाय कोमट झाले, धाप उतरली, सकाळी तिने चहा मागितला. दिराने भाड्याने थांबवलेली गाडी रिकामीच परत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई घरी आली.

तिच्या तक्रारीही ऐका. संडासात पाणी नव्हते. चादर घरून आणावी लागली. डासांनी फोडून काढले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तपासणीसाठी बाहेर खाजगीत पाठवले, कारण यंत्र बंद होते. हे सगळे खरे आहे आणि याचा जाब विचारलाच पाहिजे. पण त्या रात्री बाईचा जीव ज्या गोष्टींनी वाचला त्या मोजून पाहा. एक स्वस्त गोळी, रक्तदाबाचे यंत्र, प्राणवायू, आणि पायाला हात लावून बसलेला एक जाणता माणूस. मुंबईच्या दवाखान्यातही पहिल्या अर्ध्या तासात याहून फार वेगळे काही झाले नसते. मुंबईपर्यंत ती पोचली असती तर, एवढेच.

आता ही गोळी आली कुठून, ते सांगितले पाहिजे, कारण ती कोणत्या मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत सापडलेली नाही. म्हणजे औषध परदेशातले, रक्तदाबासाठी निघालेले. त्याचे नाव प्राझोसिन. पण लाल विंचवावर ते चालते हे जगाला कळले ते कोकणातल्या एका आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू झालेल्या कामामुळे. १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या केंद्रात (तेव्हा तो कुलाबा जिल्हा, आजचा रायगड) एक तरुण डॉक्टर रुजू झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर. आपल्याच मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. शिक्षण नागपूरला झालेले. बिरवाडीत त्यांना दिसले की विंचू चावलेली धडधाकट माणसे, पोरेबाळे रात्रीतून फेस येऊन मरतात. पुस्तकात यावर धड चार ओळी नव्हत्या. तेव्हाची रीत म्हणजे अट्रोपिन, अ‍ॅलर्जीची सुई, स्टेरॉइड, आणि नशीब.

बावस्करांनी काय केले? ते रोग्यापाशी बसले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हा आला, उलटी केव्हा झाली, हातपाय केव्हा गार पडले, श्वासाला घरघर केव्हा लागली, हे सगळे लिहून ठेवले. त्यातून एक क्रम दिसू लागला. अंगाला दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय, पुरुषांत इंद्रियाला ताठरपणा, ही लक्षणे दिसली की हा रोगी पुढे हृदयाच्या मार्गाने बिघडणार. ही निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आली. पुढे पुण्याला एम.डी. करून ते शहरात राहिले नाहीत, पुन्हा त्याच मुलखात गेले, आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह महाडला काम करत राहिले. प्राझोसिनवरचा त्यांचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला. पूर्वी गंभीर लक्षणे झालेल्या शंभरांतले तीस-चाळीस जण दगावत. ही गोळी वेळेवर मिळू लागल्यावर ते प्रमाण शंभरात एक-दोनवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती खूप उशिरा मिळाली असे माझे मत आहे, पण ते असो.

विष नेमके काय करते, हे शेतकऱ्याला चटकन समजेल. लाल विंचवाच्या विषाने अंगात अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये एकदम उसळतात. सगळ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. विहिरीवरची मोटार चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह कोणी आवळून बंद केला आहे, अशी हृदयाची गत होते. मोटार जोर लावते, तापते, शेवटी दमते, आणि पाणी मागे तुंबते. ते तुंबलेले पाणी म्हणजे फुप्फुसात साठणारा द्रव. धाप, खोकला, गुलाबी फेस तो हाच. प्राझोसिन हा व्हॉल्व्ह सैल करते. रक्तवाहिन्या उघडल्या की पाय पुन्हा कोमट होतात. म्हणून ती मुलगी तळव्याला हात लावून पाहत होती, आणि पाय कोमट होईपर्यंत ठरावीक वेळाने गोळी पुन्हा देत होती. यात यंत्राचे काम फार थोडे आहे, बसण्याचे काम फार आहे.

पुढे विंचवाची प्रतिविष लसही आली. महाडलाच ७० रोग्यांवर झालेल्या पाहणीत, जी २०११ साली इंग्लंडच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली, गोळीबरोबर लस दिलेले रोगी सरासरी ८ तासांत सावरले आणि नुसत्या गोळीवरचे सुमारे १८ तासांत. म्हणजे लस असेल तर उत्तमच. पण नसेल तर गोळी थांबवायची नाही.

इथे एक गंमत सांगतो. संत एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड आपण लहानपणापासून ऐकत आलो. पैठणच्या त्या काळी विंचू काही कमी नसणार. नाथांना सांगायचा होता तो कामक्रोधाचा विंचू, पण रूपक करताना त्यांनी अंगाला सुटणारा घामही घातला आहे. चारशे वर्षांपूर्वी लोकांना जे दिसत होते तेच बिरवाडीत घड्याळ लावून लिहिले गेले. घाम हे खूणगाठीचे लक्षण आहे. ठणका नव्हे. ठणका फार आहे म्हणजे विष फार भिनले असे मुळीच नाही. कित्येकदा नुसता ठणका असलेला माणूस काही न करता सकाळी बरा असतो. मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतात ते हेच रोगी. आणि ठणका कमी पण घाम, उलटी, गार पाय, असा रोगी त्याच्याकडे गेला की तास-दीड तास वाया जातो.

मी अंबाजोगाईला शिकलो. १९७४ साली तिथे सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे आपल्या जिल्ह्याचे भूषण. खेड्यात मोठे रुग्णालय काढावे, डॉक्टरांनी खेड्यातला रोगी पाहतच शिकावे, हा त्यामागचा विचार. तिथे अपघात विभागात रात्री उभे राहिले की एक गोष्ट लक्षात येई. लांबून आलेल्या रोग्यांच्या दोन जाती असत. एक, ज्यांना वाटेतल्या दवाखान्यात काहीतरी दिले गेले आहे. दुसरी, ज्यांच्या हातात फक्त चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीत 'पुढील उपचारांसाठी' एवढेच शब्द. काय चावले, केव्हा चावले, नाडी किती होती, काय औषध दिले, काही नाही. ही दुसरी जात पोचल्यावर आम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागे, आणि कधी कधी सुरुवात करण्यासारखे काही उरलेले नसे.

ढकलाढकलीचा हा प्रश्न नुसत्या आपल्या जिल्ह्याचा नाही. १९९२ साली बंगालमध्ये एक शेतमजूर आगगाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नाही म्हणून पुढे, पुढच्या ठिकाणी खाट नाही म्हणून आणखी पुढे, असे एकामागून एक सरकारी दवाखाने करीत शेवटी तो खाजगी रुग्णालयात भरती झाला आणि पदरचे हजारो रुपये गेले. त्याच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९६ साली न्यायालयाने सांगितले की तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि सरकारला पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. त्याआधी १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात याच न्यायालयाने म्हटले होते की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य. पोलिसांचे कागद नंतर. हे निकाल दवाखान्याच्या भिंतीवर लावण्यासारखे आहेत. भिंतीवर मात्र असते 'शांतता राखा'.

पण एकट्या डॉक्टरला झोडपून भागणार नाही. तो पुढे का पाठवतो, याचे उत्तर आपल्यालाही अडचणीत आणणारे आहे. एका डॉक्टरने उपचार सुरू केले, प्रयत्न केला, आणि रोगी तिथेच गेला, तर काचा फुटतात, सिस्टरला शिव्या बसतात, डॉक्टरवर हात टाकला जातो. रोगी चिठ्ठी घेऊन वाटेत गेला तर कोणाचेच काही फुटत नाही. मग हुशार डॉक्टर काय शिकेल? डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० सालापासून कायदा आहे, पण रात्री साडेदहाला एकट्या मुलीसमोर सात-आठ जण उभे असतात तेव्हा कायदा फार लांब असतो. त्या रात्री ती मुलगी डगमगली असती आणि चिठ्ठी लिहून मोकळी झाली असती, तर तिला कोणी बोल लावला नसता. बाई मात्र मांजरसुंब्याच्या अलीकडेच कुठेतरी गेली असती, असे माझा अंदाज सांगतो.

आमच्यातल्या काही खाजगी डॉक्टरांनाही बोलले पाहिजे. "सरकारीत नेऊ नका, तिथे काय ठेवलंय," हे वाक्य सहज तोंडातून जाते. विंचू, साप, विषारी औषध पोटात गेलेले, झटके येणारी गरोदर बाई, यांच्यासाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात जे असते ते बहुतेक खाजगी दवाखान्यांत नसते. सापाच्या लसीचेच पाहा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८ हजार माणसे मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, आणि पुष्कळशी दवाखान्यात पोचण्याआधीच गेलेली. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा आराखडा जाहीर केला. आराखडा चांगला आहे. पण निम्मे होणार ते दिल्लीत नव्हेत, तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात आणि त्याहून लहान आरोग्य केंद्रात.

माझ्या म्हणण्याचा कोणी असा अर्थ काढू नये की कुणालाच पुढे पाठवू नका. डोक्याला मार लागून शुद्ध हरपत चाललेला, बाळंतपणात अडलेली आणि शस्त्रक्रिया हवी असलेली, घोणस चावून लघवी बंद झालेला, यांना पुढे न्यावेच लागते. प्रश्न आहे तो काय करून न्यावे याचा. गरोदरपणात झटके येत असतील तर मॅग्नेशियमच्या सुईचा पहिला डोस जवळच्या केंद्रातच द्यायचा असतो. हृदयविकाराचा झटका वाटत असेल तर डॉक्टरने ठरवून अ‍ॅस्पिरिनची गोळी तिथेच द्यावी. रक्त वाहत असेल तर दाबून बांधावे, सलाइन लावावे. सापाचे विष चढत असेल तर लस तिथेच सुरू करावी, लसीची रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रिनलिनची सुई हाताशी ठेवावी, आणि मग गाडीत घालावे. २०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाची सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, तिच्यात डॉक्टर असतो. स्वतःच्या जीपमध्ये मागच्या सीटवर रोग्याला आडवे टाकून नेण्यापेक्षा तिची वाट पाहणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते, पण तेही तेव्हाच, जेव्हा वाट पाहण्याच्या वेळात दवाखान्यात औषध सुरू झालेले असते.

आणखी एक गोष्ट मला सलते. आपल्या जिल्ह्याचा रोगी वर्षातले पाच-सहा महिने आपल्या जिल्ह्यात नसतोच. दसरा-दिवाळी झाली की ट्रक भरभरून माणसे सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकाकडे जातात. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत जमिनीवर झोपायचे, पहाटे अंधारात पाचट उपसायचे. विंचूकाटा, जनावर, सगळे तिथेच. तिथे जवळचे आरोग्य केंद्र कोणते हे त्यांना माहीत नसते. माहीत असते तो फक्त मुकादमाचा फोन. मुकादम झोपलेला असतो, किंवा त्याला पहाटेची मोळी भरायची घाई असते. टोळी फडावर उतरते त्या दिवशीच मुकादमाने जवळचे सरकारी केंद्र कुठे आहे ते सगळ्यांना दाखवावे, एवढी साधी अट उचल देताना घालता येणार नाही का? कारखान्याला यात खर्च किती? मी एका मुकादमाला हे विचारले. तो म्हणाला, "डॉक्टर, हे कुनी आजवर इचारलंच नाही."

जवळच्या दवाखान्याला काय विचारायचे, हेही सांगतो. इमारतीला रंग केव्हा देणार, हे नंतर विचारा. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत, एवढे विचारा: रात्री डॉक्टर मुक्कामाला असतो का आणि त्याला राहायला धड खोली आहे का? सापाच्या लसीच्या किती कुप्या आज कपाटात आहेत आणि त्यांची मुदत केव्हा संपते? प्राझोसिन आहे का? प्राणवायूचे सिलिंडर भरलेले आहे का? कपाटाची चावी रात्री कोणाकडे असते? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. औषध कपाटात आणि चावी औषध निर्मात्याच्या घरी, असे पाहिलेले लोक जिल्ह्यात पुष्कळ सापडतील.

आणि विंचू चावल्यावर घरी काय करायचे? चावा घेतलेली जागा कापू नये, चोखू नये, दोरी बांधू नये. मुलाला, म्हाताऱ्याला, किंवा कुणालाही घाम, उलटी, गार हातपाय यांपैकी काही दिसले की वेळ पाहून ठेवावी आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात सरळ जावे. रोग्याला चालवत नेऊ नये. विंचू मारून डबीत आणायला हरकत नाही, पण त्यासाठी गवऱ्या उचकत बसू नये; दुसरा चावेल. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर असते, पण जीवघेणा ठरतो तो बहुधा लाल, बारीक विंचू, आणि लहान मुलांत सर्वांत जास्त. पुढे नेत असाल तर चिठ्ठीवर काय औषध दिले आणि किती वाजता दिले ते लिहून मागा. लिहिले नसेल तर लिहून घेतल्याशिवाय दाराबाहेर पडू नका. त्याबद्दल कोणी डॉक्टर रागावणार नाही, रागावला तर रागावू द्या.

मागच्या महिन्यात दोघातिघांनी मला विचारले, "डॉक्टर, मग ही प्राझोसिन आम्हीच घरात आणून ठेवली तर?" ठेवू नका. चावलेल्या प्रत्येकाला ती लागत नाही. ती घेतल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि माणूस उभा राहिला तर भोवळ येऊन पडतो. मुलाला किती द्यायची हे वजनावर ठरते, आणि पुन्हा केव्हा द्यायची हे पायाला हात लावून, रक्तदाब मोजून ठरते. गोळी दवाखान्याच्या कपाटात असू द्या, आणि ती तिथे खरोखर आहे की नाही ते मृगाच्या आधी जाऊन विचारून या.